उबेसाठी मुक्काम हलवण्याआधीचा हिशेब

थंड प्रदेश सोडून उष्ण प्रदेशात राहायला जायचा विचार बहुतेकांच्या मनात भर हिवाळ्यात येतो, आणि नवी जागा पाहायला ते जातात तेही हिवाळ्यातच. मग तुलना होते ती सोडायच्या गावाच्या सर्वांत वाईट महिन्याची आणि जायच्या गावाच्या सर्वांत चांगल्या महिन्याची. पुढे जो पस्तावा होतो, त्यातला मोठा भाग या चुकीच्या मापातून येतो असं माझं मत आहे. खालच्या पायऱ्या हे माप दुरुस्त करण्यासाठी आहेत. कित्येकांना उष्ण हवा मानवते आणि ते तिकडे मजेत राहतात, त्यामुळे कुणाला घाबरवून थांबवायचा हेतू नाही. पण घर विकायच्या आधी दोन-तीन महिने कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर बिघडणार काहीच नाही.

पायरी १ : नेमकं काय नकोसं झालंय ते लिहून काढा

‘थंडीचा कंटाळा आलाय’ या वाक्यात चार-पाच वेगळी दुखणी लपलेली असतात. गारठा, अंधार, घरातली ओल, बर्फात घसरून पडायची भीती, आणि बऱ्याचदा एकटेपणा. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि सगळ्यांवर उष्ण प्रदेश हा उपाय लागू पडत नाही.

अंधाराचं घ्या. हिवाळ्यात दरवर्षी येणारं नैराश्य १९८४ साली मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय भाषेत मांडलं. त्याचा संबंध मुख्यतः उजेडाशी लावला जातो, तापमानाशी नाही. ६० अंश अक्षांशावर वर्षातला सर्वांत लहान दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. ३० अंशांवर तो दहा तासांचा होतो आणि विषुववृत्तावर वर्षभर बारा तासांच्या आसपास राहतो. दुखणं अंधाराचं असेल तर शोधायचं ते ‘उजेडाचं’ गाव, आणि ते फार उष्ण असण्याची गरज नाही. शिवाय १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिव्यासमोर रोज सकाळी अर्धा तास बसण्याची उपचारपद्धती आहे. डोळ्यांचा आजार किंवा द्विध्रुवी विकार असेल तर ती डॉक्टरांना विचारूनच करावी. एक हिवाळा हा उपाय करून पाहिल्यावर सामान बांधायची इच्छा कितपत उरते ते बघा.

सांधेदुखीवाल्यांनी विशेष सावध राहावं. हवामान आणि सांध्यांचं दुखणं यांच्या संबंधावर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. गरम हवेत बरं वाटतं असं अनेक जण सांगतात आणि ते खोटं बोलत नसतात, पण तेवढ्यावर घर विकणं जोखमीचं आहे. आधी जाऊन राहून बघा.

राहिला एकटेपणा. तो सामानाबरोबर येतो. आणि नव्या ठिकाणी ओळखीचं कुणी नसल्यामुळे काही काळ वाढतोही.

पायरी २ : सरासरी बाजूला ठेवा, उकाड्याचे आकडे वाचा

‘वर्षाची सरासरी २४ अंश सेल्सिअस’ हे ऐकायला छान वाटतं. पण वर्षभर २२ ते २६ असलेलं गाव आणि हिवाळ्यात १०, उन्हाळ्यात ४० असलेलं गाव, दोघांची सरासरी जवळपास तीच येऊ शकते. राष्ट्रीय हवामान खाती साधारण ३० वर्षांच्या नोंदींवरून प्रत्येक महिन्याचे सामान्य आकडे काढतात. ते पाहा, आणि त्यांच्या शेजारी गेल्या दहा वर्षांचे आकडे ठेवा. उन्हाळा कुठल्या दिशेने सरकतोय ते त्यावरून कळतं.

त्या तक्त्यात सगळ्यात आधी बघा सर्वांत गरम महिन्याचं रात्रीचं किमान तापमान. दिवसाचं ऊन माणूस सावलीत बसून काढतो. रात्र मात्र झोपूनच काढावी लागते. पारा रात्री २० अंशांच्या खाली उतरत नसेल तर बऱ्याच देशांच्या हवामान खात्यांत तिला ‘उष्णकटिबंधीय रात्र’ म्हणतात. अशा रात्री किती, आणि २५ च्या खाली न उतरणाऱ्या किती, हे मोजा. मोठ्या शहरात काँक्रीट आणि डांबर दिवसभर उष्णता साठवून रात्री बाहेर टाकतात, म्हणून शहरातली रात्र जवळच्या खेड्यापेक्षा काही अंशांनी गरम असते. हवामान केंद्र विमानतळावर असेल आणि तुमचं घर गजबजलेल्या वस्तीत, तर केंद्राचा आकडा तुमच्यासाठी कमीच दाखवतो.

त्यानंतर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानापर्यंत हवा थंड केली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान. आर्द्रतेची टक्केवारी फसवी असते, कारण हवेतली वाफ तेवढीच असली तरी तापमान बदललं की टक्केवारी बदलते. दवबिंदू वाफेचं प्रमाण सरळ सांगतो. १५ च्या आत असेल तर हवा सुखद वाटते, २० च्या पुढे चिकचिक सुरू होते, २४ च्या पुढे घाम अंगावर तसाच राहतो. ३५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता म्हणजे दवबिंदू २३ च्या आसपास. ४० अंश आणि १५ टक्के आर्द्रता म्हणजे तो ९ च्याही खाली. दुसऱ्या ठिकाणी पारा वर असला तरी घाम सुकतो, अंग थंड होतं आणि पाण्यावर चालणारा कूलरही काम करतो. पहिल्या ठिकाणी कूलर लावला तर खोलीत आणखी दमटपणा भरतो.

हे फक्त आरामाबद्दल नाही. हवेचं ओलं तापमान, म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापीवर दिसणारा आकडा, ३५ अंशांवर गेलं की सावलीत, पंख्याखाली बसलेल्या निरोगी माणसालाही शरीर थंड ठेवता येत नाही, असं सैद्धांतिक गणित आहे. प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा तरुण आणि धडधाकट माणसांची मर्यादाही त्याच्या बरीच खाली आढळली. साठीच्या पुढे घाम कमी येतो आणि तहान उशिरा लागते, म्हणजे मर्यादा आणखी खाली येते.

डोंगराळ भागाचा पर्याय असेल तर एक सोपं गणित लक्षात ठेवा: दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. उजेड भरपूर आणि उकाडा माफक असं हवं असलेल्यांनी आधी नकाशातल्या उंचीच्या रेषा पाहाव्यात, किनारा नंतर.

पायरी ३ : सर्वांत वाईट महिन्यात जाऊन राहा

ही पायरी लोक गाळतात, आणि खरं तर हीच एक पायरी केली तरी निम्मं काम होतं. पर्यटकांचा हंगाम संपलेला असताना, साध्या भाड्याच्या घरात, किमान तीन आठवडे राहा. हॉटेल नको. हॉटेलात उकाड्याचं बिल दुसरा कुणीतरी भरत असतो.

तीन आठवडे का? उष्णतेची सवय व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, नाडी शांत होते. चार दिवसांत ‘आपल्याला नाही जमणार’ म्हणून परतणारे आपल्या जुन्या शरीराचा निकाल घेऊन येतात. पण ही सवय मिळते ती रोज थोडा वेळ गरम हवेत वावरलं तरच. एसी घरातून एसी गाडीत आणि तिथून एसी दुकानात जाणाऱ्याला वर्षानंतरही ऊन पहिल्या दिवसासारखंच लागतं. आणि काही आठवडे थंड हवेत काढले की मिळालेली सवय उतरते, म्हणजे दर हिवाळ्यात जुन्या गावी राहून आल्यावर पुन्हा सुरुवात.

तिथे असताना रोजची कामं करा. दुपारी दोन वाजता बसने कचेरीत जाऊन या. स्वयंपाकघरात तासभर शेगडीसमोर उभे राहा. एक रात्र एसी बंद ठेवून झोपा. फिरायला जायची तुमची नेहमीची वेळ कोणती आहे आणि त्या वेळी बाहेर पाऊल टाकता येतं का, ते पाहा. उष्ण प्रदेशात दिवस दोन तुकड्यांत जगायचा असतो, पहाट आणि संध्याकाळ. उशिरा उठणाऱ्यांना हे फार जड जातं.

पायरी ४ : औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर उलटी करा

लघवी वाढवणारी औषधं, काही रक्तदाबाच्या गोळ्या, मनोविकारांवरची बरीच औषधं, त्यांतलंच लिथियम, काही ॲलर्जीच्या गोळ्या यांमुळे शरीराची उष्णता सोसायची ताकद कमी होऊ शकते. कुठे पाणी आणि क्षार जास्त जातात, कुठे घामच येत नाही, आणि लिथियमची रक्तातली पातळी पाणी कमी पडलं की चढते. स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. जायच्या बऱ्याच आधी यादी दाखवून मात्रा बदलावी लागेल का ते विचारा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, म्हणून वीज जाणाऱ्या गावात फ्रिजला पर्याय काय, हा प्रश्न घर बघतानाच सुटलेला हवा.

मुतखडा पूर्वी झालेला असेल तर तेही सांगा. उष्ण हवेत त्याचं प्रमाण जास्त असतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि घराभोवती साठलेल्या पाण्यात वाढतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. आरोग्य विम्याचं पाहताना एकच प्रश्न नेटाने विचारा: आधीपासून असलेल्या आजारांना नव्या ठिकाणी पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे की प्रतीक्षाकाळ आहे?

पायरी ५ : पैशाचे तीन रकाने

पहिल्या रकान्यात एकदाच होणारे खर्च. सामानाची वाहतूक, जुनं घर विकायची दलाली आणि कर, नव्या घराची अनामत रक्कम, दोन्ही घरांचं भाडं किंवा हप्ते एकाच वेळी भरावे लागतील ते महिने, गाडीची नोंदणी, कागदपत्रं. जड कपडे, हिवाळी चाकं, हीटर या वस्तू विकून फारसं काही हाती येत नाही, ते उत्पन्न धरू नका.

दुसऱ्या रकान्यात दरमहाचे. इथे अनेकांचा एक समज तपासून घ्यायला हवा. ‘हीटिंगचं बिल वाचलं तरी एसीत सगळं जातं’ असं सर्रास बोललं जातं. ऊर्जेच्या हिशेबाने ते बहुतेक वेळा खरं नसतं. बाहेर शून्य असताना घर २० अंशांवर न्यायचं म्हणजे वीस अंशांचा फरक, आणि बाहेर ३८ असताना घर २६ वर आणायचं म्हणजे बाराचा. शिवाय एसी उष्णता तयार करत नाही, आतली बाहेर नेऊन टाकतो, आणि एक युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता हलवतो. मग बिल का फुगतं? कारण गरम भागातली घरं अनेकदा उष्णतारोधक नसतात, खिडक्यांना फटी असतात, उकाड्याचा हंगाम हिवाळ्यापेक्षा लांब असतो, आणि दमट हवेत एसीची बरीच ताकद नुसतं पाणी गाळण्यात जाते. एसी एक अंश वर ठेवला तर साधारण सहा टक्के वीज वाचते, हे धरून २४ आणि २७ या दोन आकड्यांवर वेगवेगळा हिशेब मांडा. घरमालकाकडून भर उन्हाळ्याची विजेची बिलं मागून घ्या. टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच आहे.

वीज गेली की काय, याला वेगळा खर्च धरा. थंडीत हीटर बंद पडला तर माणूस अंगावर आणखी कपडे चढवतो. उकाड्यात काढण्यासारखं अंगावर काही उरलेलं नसतं. इन्व्हर्टर घेतलात तर त्याची बॅटरी लवकर बदलावी लागेल, कारण तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की शिसे-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. वाळवी, बुरशी, गंजणारे कुलपांचे खटके, फुगलेली दारं, पुस्तकांवर येणारे पिवळे डाग हे सगळं थोडं थोडं असतं आणि वर्षाअखेरीला मोठी बेरीज देतं. लाकडी वाद्यं असतील तर माझा सल्ला आहे की ती आधी कुणाकडे तरी सांभाळायला द्या.

घराच्या विम्याचा आकडा घर पसंत पडायच्या आधी मागवा. वादळ, पूर, वणवा यांचा धोका असलेल्या पट्ट्यात हप्ते झपाट्याने वाढतात, काही ठिकाणी कंपन्या नवी पॉलिसी द्यायचं थांबवतात, आणि साध्या पॉलिसीत पुराचं संरक्षण बऱ्याचदा नसतंच. देश बदलणार असाल तर कराचं वेगळं पान उघडा. अनेक देशांत वर्षाला १८३ दिवसांचा मुक्काम ही करदाता ठरवण्याची एक कसोटी आहे, पण एकमेव नाही. घर कुठे आहे, कुटुंब कुठे आहे हेही पाहिलं जातं. दोन्ही देशांत दुहेरी करटाळणीचा करार आहे का आणि पेन्शन तिकडे मिळेल का, वाढत राहील का, हे सल्लागाराला पैसे देऊन विचारण्यासारखं आहे.

तिसरा रकाना परतीचा. तो जवळजवळ कुणी लिहीत नाही. परत यायचं झालं तर वाहतूक, नवं भाडं, आणि दरम्यान जुन्या गावात वाढलेल्या घरांच्या किमती. ही रक्कम जायच्या आधीच वेगळी काढून ठेवता आली नाही, तर बेत अजून पिकलेला नाही असं मी समजेन. पैसा हाताशी नसल्यामुळे नावडत्या जागी अडकून पडणं हा या सगळ्यातला सर्वांत महागडा प्रकार आहे.

पायरी ६ : माणसांचा हिशेब

१९९८ साली डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानमन या संशोधकांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही विद्यार्थी कडक हिवाळ्याच्या मध्य-पश्चिम भागातले होते, काही उन्हाळी कॅलिफोर्नियातले. कॅलिफोर्नियात माणूस जास्त सुखी असेल असा दोन्हीकडच्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात स्वतःच्या आयुष्याबद्दलचं समाधान दोन्हीकडे सारखंच निघालं. हवामानाबद्दल प्रश्न विचारला की हवामान मोठं दिसतं. रोजच्या जगण्यात मात्र आपण कामाचा, पैशांचा, घरच्यांचा, झोपेचा विचार करत असतो, आणि महिन्याभरात ऊन पाठीमागचा पडदा होऊन जातं.

म्हणून कागदावर हवामान सोडून बाकीचं लिहा. वयस्क आई-वडील इथेच राहणार असतील तर रात्री फोन आल्यावर किती तासांत पोहोचता येईल, आणि आयत्या वेळच्या तिकिटाला किती लागेल? वर्षातून अशा दोन फेऱ्या धरून ती रक्कम दुसऱ्या रकान्यात घाला. ‘मित्र येत राहतील’ हे खरं, पण ते चांगल्या हंगामात येतात. नेमक्या उकाड्याच्या महिन्यांत शेजारची हंगामी घरं बंद असतात, रस्ते दुपारी ओस पडतात, आणि माणूस घरात कोंडून बसतो. पूर्वी बर्फामुळे बसायचा, आता उन्हामुळे. ज्यांना हिवाळ्यातला कोंडवाडा नकोसा झाला होता त्यांनी हे दोनदा वाचावं.

जोडीदाराचं मत वेगळं बसून विचारा, म्हणजे दोघांनी स्वतंत्रपणे उत्तरं लिहायची आणि मग ताडून पाहायची. एकाला उत्साह आणि दुसरा केवळ सोबत म्हणून, असं असेल तर सोबत आलेल्याचे पहिले सहा महिने जास्त कठीण जातात, कारण त्याने त्या जागेचं स्वप्न कधी पाहिलेलंच नसतं.

आणि ऋतू. हे हळवेपणाचं वाटेल, पण पानगळ, पहिला गारवा यांची उणीव भासते असं सांगणारे खूप असतात. वर्षभर तीच हवा राहिली की आठवणींना तारखा लागत नाहीत. याला किती महत्त्व द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

पायरी ७ : पहिलं वर्ष भाड्याने

जुनं घर विकू नका, भाड्याने द्या. नवीन घर विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. वर्षभराचं भाडं पाण्यात गेलं असं वाटेल, पण चुकीचं घर विकण्याच्या तोट्यापुढे ते किरकोळ असतं.

भाड्याचं घर पाहायला दुपारी चारला जा आणि पुन्हा रात्री दहाला. पश्चिमेच्या मोठ्या खिडक्या आणि वरच्या मजल्यावरचा उघडा स्लॅब ही दोन्ही उकाड्याची मुळं. रात्री दहाला छताला हात लावून बघा, अजून गरम लागलं तर मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता तुमच्या अंथरुणावर उतरणार आहे. समोरासमोर खिडक्या, भिंतीवर झाडाची सावली आणि खोल छज्जा असलेलं छोटं घर देखाव्याच्या मोठ्या घरापेक्षा बरं. पावसाचं पाणी कुठे साठतं ते शेजाऱ्यांना विचारा, दलालाला नको.

पायरी ८ : सहा महिने इथे, सहा महिने तिथे

हा मधला मार्ग आकर्षक आहे आणि काहींना छान जमतो. पण घरं दोन, दुरुस्त्या दोन. घर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर अनेक विमा पॉलिसी भरपाई कमी करतात किंवा नाकारतात. थंडीकडच्या बंद घरात पाणी गोठून नळ फुटतात, उकाड्याकडच्या बंद घरात भिंतींना बुरशी चढते, त्यामुळे दोन्हीकडे किल्ली सांभाळणारा विश्वासू माणूस लागतो. डॉक्टरही दोन होतात, आणि त्यांना एकमेकांचे कागद दाखवायचं काम तुमचं. पैशाचा विचार केला तर हिवाळ्याचे दोन-तीन महिने नुसतं भाड्याने राहून येणं बहुतेकांना याहून स्वस्त पडतं.

पायरी ९ : निर्णयाची तारीख आधीच ठरवा

पहिल्या उन्हाळ्याच्या मध्यावर घेतलेला परतीचा निर्णय घाईचा असतो, आणि पहिल्या हिवाळ्यात, जुन्या गावच्या मित्रांना बर्फ उपसताना पाहून घेतलेला कायमचं राहण्याचा निर्णयही तितकाच घाईचा. एक संपूर्ण वर्ष आणि त्यावर उकाडा उतरल्यानंतरचा एक महिना, एवढं जाऊ द्या. कसोट्या निघायच्या आधी लिहून ठेवा: झोप कशी लागते, आठवड्यातून किती जणांशी मनापासून बोलणं होतं, दुसरा रकाना प्रत्यक्षात किती फुगला, घरचं कुणी कुढतंय का. त्या दिवशी कागद काढून उत्तरं भरा.

जुन्या घराचा भाडेकरार करताना त्याची मुदत याच तारखेच्या एक-दोन महिने पुढे संपेल अशी ठेवा, म्हणजे परतायचं ठरलं तर भाडेकरूला रीतसर नोटीस देता येईल. जुन्या डॉक्टरांकडची नोंद, बँक खातं आणि त्या गावातला फोन नंबर तोवर चालू राहू द्या.